तणमोर आणि दोन सह्या

आमच्या पक्षीमंडळाचं रजिस्टर दोन नंबरापासून सुरू होतं. एक नंबरची ओळ आहे, तिथे अनुक्रमांक घातलेला आहे, पक्ष्याचं नावही लिहिलेलं आहे: तणमोर. पण पुढचे सगळे रकाने, तारीख, ठिकाण, पहिली सही, दुसरी सही, कोरे होते. दोन नंबरला टिटवी, तीनला सातभाई, आणि मग पानंच्या पानं भरलेली. नवा माणूस रजिस्टर उघडायचा आणि विचारायचा, हे काय, पहिलीच ओळ रिकामी कावून? मग कोणीतरी माझ्या सासऱ्यांकडे बघून हसायचं.

मी शेंदूरजनाघाटची. संत्र्याच्या बागेत वाढलेली आणि तोंडाची फटकळ. साठ-एकसष्टच्या सुमाराला लग्न होऊन अकोल्याला आले. नवरा अकोटला एसटीच्या डेपोत नोकरीला. एसटीला रविवार नसतो, त्याची सुट्टी बुधवारी, तेवढ्यापुरता तो घरी यायचा. बाकी दिवस घरात सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. साखळी ओढत सगळा वऱ्हाड पायी हिंडले आणि हिंडता हिंडता त्यांना पाखरांचा नाद लागला. रिटायर झाल्यावर त्यांनीच आणखी सहा जणांना गोळा करून मंडळ काढलं. दर रविवारी उजाडता उजाडता मोर्णेच्या पुलावर जमायचं आणि तळं, माळ, शेतं, जिकडे पाय नेतील तिकडे जायचं.

नियमही मामाजींनीच केलेला. एक पाखरू, दोन सह्या. एकट्यानं पाहिलेलं रजिस्टरात चढायचं नाही. दोघांनी पाहायचं, एकमेकांशी चकार शब्द न बोलता आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, क्रम न सोडता. मग सगळ्यांनी एखाद्या कडुलिंबाखाली बसून चिठ्ठ्या जुळवायच्या. जुळल्या तर नोंद. नाही जुळल्या तर थर्मासमधला चहा प्यायचा आणि घरी जायचं. मोजणीच्या खात्यातही म्हणे असंच असे, एकाची मोजणी दुसरा माणूस तपासतो आणि मगच नकाशावर रेघ पडते.

गंमत अशी की या नियमात पहिले अडकले ते स्वतः. तरुणपणी एका श्रावणात ते माळावर एकटेच बसले होते, साखळीवाले मजूर अजून यायचे होते, आणि समोरच्या गवतातून तणमोर उडाला. उडाला म्हणजे नुसता वर उसळला, गवताच्या वर पुरुषभर, आणि परत गवतात पडला. असा सात वेळा. मामाजींनी ऑफिसात येऊन सांगितलं तर सगळे हसले. पुढे कितीतरी वर्षं त्यांना चिडवत, "काय मंग साहेब, तणात मोर नाचला का?" त्यानंतर तो पक्षी त्यांना पुन्हा दिसला नाही. मंडळ निघालं तेव्हा त्यांनी पहिल्या ओळीत तणमोराचं नाव लिहिलं आणि रकाने सोडून दिले. दुसरा साक्षीदार मिळेल तेव्हा भरू, म्हणाले. मंडळ त्यांचं, रजिस्टर त्यांचं, भरली असती ओळ तर कोण विचारणार होतं? पण नाही.

सासूबाईंना या सगळ्याचा मनस्वी कंटाळा. "पाखरं काय पाहायची गोष्ट हाये?" त्या म्हणायच्या. "अंगणात दाणे टाकले का येतेत. त्याले मोर्णेच्या पुलावर कावून जा लागते?" मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारे एक तरुण मास्तर. ते रजिस्टर घ्यायला घरी यायचे. त्यांच्या घरानं छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. सुरुवातीला सासूबाई त्यांचा कप कोनाड्यात वेगळा ठेवत. मामाजींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः त्याच कपात चहा घेऊ लागले. पंधरा दिवसांत तो कप बाकीच्या कपांत मिसळला, त्यातला तो कोणता हे नंतर सासूबाईंनाही सांगता आलं नसतं.

लग्नाला चार-सहा महिने झाले असतील. मी अंगणात भांडी घासत होते, मामाजी बाजेवर बसले होते. एकदम हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, हालू नोको. तारेवर बगळा बसला."

मी मान वर करून पाहिलं आणि मला हसूच आवरेना. "मामाजी, तो तुमचाच पंचा हाये. मीच वाळू घातला सकाळी."

ते हसले नाहीत. बराच वेळ तारेकडे बघत राहिले. मग मला कळलं आणि राख लागलेले हात तसेच धरून मी उभी राहिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड-अंधार कळायचा, माणूस आहे की झाड आहे एवढं कळायचं, त्यापुढे सगळं दुधात बुडालेलं. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, म्हणून हे कोणाला सांगत नव्हते. सांगितलं तर घरचे टेबलावर नेऊन झोपवतील आणि मंडळवाले म्हणतील, काकाजी, तुम्ही आता घरीच बरे. ज्याला दिसत नाही तो साक्षीदार कसा?

"तुह्या सासूले सांगू नोको," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात विनंती होती आणि ती मला ऐकवली नाही. मला त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा कोणाची तरी कीव आली, आणि पहिल्यांदाच कोणाबद्दल तरी माया वाटली.

त्या रविवारपासून मी त्यांच्यासोबत जाऊ लागले. सासूबाईंना सांगितलं, मामाजींचा पाय परवा बांधावर घसरला होता, पाण्याची सुरई घेऊन सोबत जाते. सुनेनं सासऱ्याच्या मागे रानात हिंडायचं म्हणजे गल्लीत चर्चा झालीच. पण पाय मोडून घरी आले तर शेक कोण देणार, या भीतीनं सासूबाईंनी हो म्हटलं. मंडळवाल्यांनाही वाटलं, म्हातारा माणूस, सोबत असलेली बरी.

आमची रीत अशी. मी त्यांच्या उजव्या हाताला, दोन हातांवर बसायचं. पाखरू दिसलं की ओठातल्या ओठात सांगायचं. मला कुठे पाखरांची नावं येत होती? मला जे माहीत तेच मी सांगायची. "चिमणीहून थोडं मोठं. पाठ मुगाच्या डाळीसारखी हिरवी, सालीसकट. डोळ्यातून काजळाची रेघ गेलेली. शेपटीतून एक तार निघाली."

"वेडा राघू," मामाजी म्हणायचे आणि माझ्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहायचे. अंदाजानं लिहायचे, अक्षरं ओळीवरून उतरायची. मग दुसऱ्या कोणाची चिठ्ठी यायची आणि जुळायची. चुकलं तर मला झापायचे, हळू आवाजात, पण झापायचे. "शेपटीवर उडी कावून मारली? आधी डोकं. मंग चोच. मंग मान. मोजणी मधूनच सुरू करते का कोणी?" मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. म्हणायची, "पाखरू बसून राह्यलं नाही तर काय त्याले बांधून ठेवू?" त्यावर मात्र ते पोटभर हसायचे.

अशी दोन वर्षं गेली. मला दीडेकशे पाखरं ओळखता येऊ लागली. खरं सांगते, माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यांत सुखाच्या सकाळी होत्या. पण रजिस्टरात मामाजींची सही पडली की वाटायचं, हे कधीतरी उघडं पडणार.

तिसऱ्या श्रावणात मंडळ त्या माळावर गेलं. मामाजींचा तरुणपणचा माळ. पहाटेची एसटी पकडून, फाट्यावर उतरून, पुढे दोन कोस चिखल तुडवत. गवत कमरेएवढं वाढलेलं. सात जण तीन ठिकाणी विभागून बसले. आमच्यासोबत मास्तर होते.

तासभर काही नाही. मग समोरच्या गवतातून ते वर आलं. पंख पसरून एवढं उंच उसळलं, टर्र असा आवाज आला, आणि खाली. बस. एवढंच. मी मामाजींचा हात गच्च धरला होता, हे मला नंतर कळलं. त्याआधी मी त्यांच्या हाताला कधीच हात लावला नव्हता.

मास्तरांनी मान वर केली. "काय होतं? काय होतं वहिनी?" बाभळीचा काटा त्यांची चप्पल फोडून पायात घुसला होता, ते खाली वाकून तो काढत होते.

आणखी दोन तास बसलो. पाऊस भुरभुरायला लागला. ते पुन्हा उडालं नाही.

बांधावरच्या कडुलिंबाखाली सगळे जमले. मास्तर सरळ माणूस. म्हणाले, "माह्यी सही नाही होऊ शकत. मी नाही पाह्यलं." त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. तेव्हा मंडळातले एक कंपाउंडर होते, ते म्हणाले, "अरे, पण काकाजींनी पाह्यलं आणि वहिनींनी पाह्यलं. झाल्या ना दोन सह्या?"

"वहिनी मेंबर कुठं हायेत?"

"मंग करा मेंबर. हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. दोन मिनिटांत मी मेंबर झाले. मामाजींची वीस-पंचवीस वर्षांची वाट आज संपणार म्हणून सगळे इतके खुशीत होते की कोणी तरी त्या पावसात तंबाखूही मळायला घेतली. मास्तरांनी आम्हा दोघांच्या हातात एकेक चिठ्ठी दिली आणि पाठीला पाठ लावून बसवलं.

मी लिहिलं. कोंबडीएवढं. डोकं, मान, पोट तव्याच्या बुडासारखं काळं. डोक्यामागून काळे केस निघालेले, मागे वळलेले, टोकाला चपटे. पंखावर पांढरा पट्टा. मला मागे त्यांची पेन्सिल वाजताना ऐकू येत होती. त्यांना तो पक्षी तोंडपाठ होता. केसांची टोकं चपटी असतात, हेसुद्धा त्यांनीच मला कधीकाळी सांगितलं होतं. त्यांनी नुसतं आठवून लिहिलं असतं तरी चिठ्ठ्या अक्षरन्‌अक्षर जुळल्या असत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, लिहा मामाजी, लिहा, कोणाला कळणार आहे, लिहून टाका एकदाचं.

मास्तरांनी माझी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. मग मामाजींची उघडली आणि थांबले.

"वाचा," मामाजी म्हणाले.

मास्तरांनी वाचलं. "ऐकलं: टर्र असा बेडकासारखा आवाज, एकदा, आग्नेयेला, अंदाजे दीडशे हातांवर. पाहिलं: काही नाही. दोन वर्षांपासून."

मामाजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "दोन वर्षं झाली, मले दिसत नाही. माह्ये डोळे म्हणजे ही होती. त्या काळातल्या माह्या सगळ्या सह्या खोडा. आणि मेंबर म्हणून माह्यं नावही काढा."

"काकाजी, मंग तीन पानं जातेत," कंपाउंडर पुटपुटले.

"जाऊ द्या."

मास्तर किती तरी वेळ रजिस्टर आणि त्यात ठेवलेल्या मामाजींच्या जुन्या चिठ्ठ्या उलटत राहिले. मग म्हणाले, "मुगाची डाळ सालीसकट. जळलेल्या गुळाचा रंग. धुतलेल्या तांदळाचं पाणी. मले वाटलंच होतं, काकाजी स्वयंपाकघरात कधीपासून जाऊन राहिले." ते हसले आणि पेन माझ्यापुढे धरलं. "वहिनी, काही खोडायचं नाही. काकाजींच्या प्रत्येक सहीखाली तुमची सही करा. पाहणारा एक आणि ओळखणारा एक. नाव काढायचं तर माह्यं काढा, काटा काढत बसलो होतो म्हणून."

छत्रीखाली बसून मी तीन पानं सह्या केल्या. त्याआधी सही केली असेल ती लग्नाआधी शाळेतच, नंतर मला कोणी सही मागितलीच नव्हती. शेवटी मास्तरांनी पहिलं पान काढलं, म्हणाले, अर्धी तर अर्धी, ही ओळ सुरू करा. तणमोराच्या ओळीत तारीख घातली, ठिकाण घातलं, पहिल्या सहीच्या रकान्यात माझी सही केली. दुसरा रकाना कोराच राहिला.

फाट्यापर्यंतच्या दोन कोसांत मी मामाजींशी बोलले नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. एसटीत बसल्यावर शेवटी तोंडातून निघालंच. "एवढे वर्षं वाट पाह्यली आन्‌ हातात आलेलं सोडून देलं. काय मिळालं?"

"तुले मोजणी नाही समजत," ते म्हणाले. "एक दगड खोटा गाडला ना, तर त्याच्या पुढची सगळी शेतं सरकतेत." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण सांग बरं पुन्हा. डोक्यापासून." अकोला येईस्तोवर मी त्यांना तीनदा सांगितलं.

आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ऑपरेशनही झालं. हिवाळ्यात नवऱ्यानं रजा काढून त्यांना अमरावतीला नेलं. सात दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही. सासूबाई उशाशी बसून होत्या आणि हे मले आधी कावून नाही सांगतलं म्हणून त्यांना ऐकवत होत्या, पट्टी बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. डोळे आले. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागला, पण दिसायला लागलं. मी नेहमीसारखी दाराआड पदर ओढून उभी होते. मामाजींना पदर तेवढा दिसला असेल.

पुढचा श्रावण आला आणि आम्ही पुन्हा त्या माळावर जायला लागलो. अर्ध्या माळावर नांगर फिरला होता, कपाशी पेरलेली. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. शेवटच्या रविवारी सासूबाईही निघाल्या. "एवढं काय हाये त्या गवतात, मले तरी पाहू द्या," म्हणाल्या. त्यांच्यासाठी कंपाउंडरांनी फाट्यावर बैलांची दमणी आणून ठेवली होती. गवताच्या कडेला घोंगडी टाकून त्या बसल्या आणि पाच मिनिटांत डुलक्या घ्यायला लागल्या.

मी माझ्या जागेवर. मामाजींच्या उजव्या हाताला, दोन हातांवर. त्यांना त्या चष्म्यातून समोरचं बरं दिसायचं, पण झटकन हललेलं काही पकडता यायचं नाही. काही उडालं की त्यांना लगेच दाखवता यावं, म्हणून मी गवतावरची नजर काढली नाही. काही उडालं नाही. ऊन वर आलं. आपण हरलो, हे मला कळून चुकलं.

सासूबाईंची घोंगडीही कडुलिंबाखाली आणली आणि चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच, तणमोर: नाही. शेवटची मामाजींची. मास्तर मोठ्यानं वाचायला लागले.

"नाव: सूनबाई. डोकं: पदरानं झाकलेलं, पदर सारखा घसरतो. कपाळ: रुंद, कुंकू घामानं ओघळलेलं. डाव्या भुवईत जुना व्रण. डोळे: मोठे, गवतावर लागलेले, पापणी क्वचित हलते. रंग: सावळा. पाय: अनवाणी, आवाज होऊ नये म्हणून चपला काढून ठेवलेल्या. सवय: रागीट. आवाज: मोठा, आज बंद. ठिकाण: माझ्या उजव्या हाताला, दोन हातांवर. पाहिलं: स्वतः."

मी त्या घरात येऊन तीन वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात, आधी त्यांच्या डोळ्यांमुळे आणि मग माझ्या पदरामुळे, त्यांनी मला कधी धड पाहिलंच नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तोंड लपवायला जागा नव्हती, सगळे माझ्याकडेच बघत होते. मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले.

"दुसरा साक्षीदार?" मास्तरांनी विचारलं. नियम म्हणजे नियम.

सासूबाई घोंगडीवरून उठल्या. "आणा इकडं तो कागद," म्हणाल्या. "मी रोज पाहतो तिले." एकेक अक्षर कोरत त्यांनी नाव लिहिलं, आणि कागद परत देताना म्हणाल्या, "रागीट हाये ते बराबर लिवलं."

मामाजी जाऊन आता खूप वर्षं झाली, सासूबाईही गेल्या. रजिस्टर माझ्याकडे आहे. तणमोराच्या ओळीत अजून माझी एकटीचीच सही आहे, दुसरा रकाना मी कोणाला भरू दिलेला नाही. ती चिठ्ठी त्याच पानात ठेवलेली आहे. तिच्यावर दोन सह्या आहेत.